ब्रेक बदलले म्हणून क्लेम नाकारला; आता गाडीला हात लावू नका

प्रश्न : माझी १९९७ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. पुढच्या ड्रम ब्रेकवर घाटात भरवसा वाटेना, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून भंगारात निघालेल्या पिकअपच्या डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतले. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यात पसरणी घाट उतरताना वळणावर एक टेम्पो माझ्या बाजूला घुसला. मी ब्रेक दाबला, गाडी जरा डावीकडे खेचली गेली, कडेच्या दुचाकीला लागली आणि कठड्यावर आदळली. दुचाकीस्वाराचा पाय मोडला. विमा कंपनीने ‘अनधिकृत फेरबदल’ म्हणून जीपच्या नुकसानीचा क्लेम फेटाळला. आता आरटीओची नोटीस आली आहे की गाडी मूळ स्थितीत आणून दाखवा, अन्यथा नोंदणी निलंबित होईल. मिस्त्रीकडे जुने ड्रम आहेत, एका दिवसात चढवतो म्हणतो. चढवू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : इतक्यात चढवू नका. मिस्त्रीला आजच फोन करून सांगा की जीपच्या एकाही नटाला पाना लावायचा नाही.

तुमच्यामागे चार प्रकरणे लागली आहेत. पोलिसांचा गुन्हा, जखमीची भरपाई, विम्याचा क्लेम आणि आरटीओची नोटीस. चारही ठिकाणी शेवटी एकच विचारले जाणार आहे, अपघात ब्रेकमुळे झाला की टेम्पोमुळे? त्याचे उत्तर त्या दोन पुढच्या चाकांत आहे. ती उघडून ड्रम बसवले की तुमच्या बाजूचा पुरावा तुम्हीच घालवला असे होईल. शिवाय गुन्हा दाखल असताना पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. गाडी सुपूर्तनाम्यावर (जप्त गाडी परत घेताना दिलेल्या हमीपत्रावर) तुमच्या ताब्यात असेल, तर त्यातल्या अटी आधी वाचा. ‘स्थितीत बदल करणार नाही’ अशी अट त्यात बहुतेक वेळा असतेच.

तुम्ही ओघात लिहून गेलात की गाडी ‘जरा डावीकडे खेचली गेली’. माझ्या मते सगळ्या पत्रातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि ते तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. भंगारातल्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकला, की एक चाक जास्त धरते आणि दुसरे कमी. गाडी एका बाजूला ओढते. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) तसाच ठेवून त्यावर डिस्क जोडली असेल, तर त्यातला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह पॅडला डिस्कवरून पुरते सुटू देत नाही. पॅड घासत राहतात, तापतात. पण दुसरीही शक्यता तितकीच खरी आहे. पावसात डावी चाके साइडपट्टीच्या चिखलात उतरली असतील, तर कंपनीचे कोरे ब्रेक असते तरी गाडी खेचली गेली असती. यातले खरे काय, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि ज्याने कॅलिपर उघडून पाहिले नाहीत तो विम्याचा सर्व्हेअरही सांगू शकत नाही.

म्हणून स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. तपास अधिकारी, आरटीओ आणि विमा कंपनी या तिघांनाही आधी लेखी तारीख कळवा. कंपनीचा माणूस आला नाही तरी तुमचे पत्र आणि पोच कामाला येईल. दोन्ही कॅलिपर उघडताना व्हिडिओ करा. पॅडची जाडी दोन्ही बाजूंना मोजून अहवालात लिहायला लावा. त्याच्याही आधी पोलीस पंचनाम्याची आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालाची नक्कल मिळवा. अपघातग्रस्त गाडीची मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली जी तपासणी होते, तिच्यात ब्रेकबद्दल शेरा असतो. ‘ब्रेक कार्यरत’ असा शेरा असेल तर तुमची बाजू एकदम भक्कम होते.

आरटीओच्या नोटिशीला गप्प बसू नका. याच कायद्याच्या कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्याआधी तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. उत्तरात लिहा की गाडी रस्त्यावर काढलेली नाही, काढणारही नाही. ती गुन्ह्यातला पुरावा आहे. आधी आहे त्या स्थितीत तपासावी आणि मूळ ब्रेक बसवायला मुदत द्यावी. तरीही निलंबन झाले, तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील आहे. उभ्या गाडीचे निलंबन तुम्हाला सोसवेल, पुरावा गेला तर सोसवणार नाही.

आता फेरबदल बेकायदा होता का, याविषयी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९चा निकाल कडक आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले आणि आरसीत नोंदवलेले तपशील मालकाला बदलता येत नाहीत. ब्रेकचा प्रकार आरसीत लिहिलेला नसतो, असा युक्तिवाद तुमचा वकील करू शकेल आणि त्याने तो करावा. पण गाडीचा नमुना मंजूर होतो तो ब्रेकसकट, आणि ब्रेकना केंद्रीय मोटार वाहन नियमावलीचा स्वतंत्र नियम ९६ आहे. त्यामुळे मी या मुद्द्यावर फार भिस्त ठेवणार नाही. सुटे भाग त्याच कंपनीचे असल्यानेही परवानगी मिळत नाही. कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मात्र फेरबदल बेकायदा ठरला म्हणजे क्लेम बुडाला, असे नाही, आणि विमा कंपनीने तुम्हाला एका ओळीच्या पत्रात नेमके तेच पटवले आहे. याचा मला राग येतो, कारण शेकडो माणसे असले पत्र वाचून गप्प बसतात. पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट असते. तिचा भंग झाला आणि त्याचा अपघाताशी संबंध आहे, हे कंपनीने दाखवायला हवे. अमलेंदु साहू प्रकरणात (२०१०) खासगी गाडी भाड्याने वापरून अट मोडली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणे मान्य केले नाही. ७५ टक्क्यांपर्यंत ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोडीचा, म्हणजे क्लेमची काही रक्कम कापून देण्याचा, मार्ग त्यात आहे. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही याच न्यायालयाने २००९मध्ये सांगितले आहे. त्या अहवालाची प्रत लेखी मागा. प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात) फेरबदलाबद्दल प्रश्न होता का आणि तुम्ही काय उत्तर दिले, तेही तपासा. तिथे ‘नाही’ लिहिले असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. ते वकिलापासून लपवू नका.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. नकारापासून एक वर्षाची मुदत, फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षे मिळतात. तुमच्या प्रकरणात इंजिनिअरचे प्रतिज्ञापत्र लागणार, म्हणून मी आयोगाकडे जाईन. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

दुचाकीस्वाराची भरपाई हा वेगळा विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० खाली विमा कंपनीला जखमी माणसासमोर मोजकेच बचाव घेता येतात. लायसन्स नसणे, दारू पिऊन चालवणे, महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेणे, असे. गाडीचे ब्रेक बदलले होते, हा त्यातला बचाव नाही. माहिती लपवल्याचे सिद्ध झाले, तर कंपनीला आधी भरायला लावून नंतर तुमच्याकडून वसूल करू देण्याचा आदेश होऊ शकतो. दुचाकीस्वारांना दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिनेच असतात. तुमच्या पॉलिसीची प्रत त्यांना स्वतःहून द्या. त्यांचा पाय मोडला आहे. कागदासाठी त्यांना तुमच्या दारात यायला लावू नका. टेम्पोचा नंबर कोणी पाहिला असेल तर त्या साक्षीदाराचे नावही द्या. टेम्पोचा मालक आणि त्याची विमा कंपनी दाव्यात यायलाच हव्यात.

मिस्त्रीवर दावा लावण्याची घाई नको. ‘ब्रेक नीट बसवले नव्हते’ असे तुम्हीच लेखी दिले, तर विमा कंपनी तोच कागद पुढे करील. अहवाल येईपर्यंत त्याच्याशी भांडू नका. पिकअपचे भाग कोणाकडून आणले, याचे बिल मात्र मागून घ्या. बिल नसेल तर त्याच्याकडून लेखी घ्या. चोरीच्या गाडीचा सुटा भाग निघाला, तर न्याय संहितेचे कलम ३१७ लागायला ‘चोरीचा आहे हे माहीत होते किंवा तसे वाटायला कारण होते’ हे सिद्ध व्हावे लागते, आणि तिथे हा कागद उपयोगी पडतो.

सगळ्या तपासण्या झाल्या आणि पोलिसांची लेखी हरकत नसली, की मगच मूळ ब्रेक बसवा. तेव्हा जुने ड्रम नुसते चढवून भागणार नाही. नवे शू, नवे व्हील सिलिंडर घाला, मास्टर सिलिंडर कंपनीच्या मापाचा आहे ना ते पाहा, आणि काढलेल्या डिस्क, कॅलिपर खटला संपेपर्यंत लेबल लावून घरी ठेवा.