वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर वजन घटायच्या आधीच शुगर कशी उतरते? मधुमेह कायमचा जातो का?

उतरते. माझ्या नवऱ्याचा गॅस्ट्रिक बायपास झाला तेव्हा डिस्चार्जच्या आधीच त्याचं इन्सुलिन बंद झालं होतं, वजन अजून जवळपास तेवढंच होतं. भेटायला आलेले थोरले दीर चार्ट बघून म्हणाले, "पोटात अन्नच नाही, तर शुगर वाढेल कशी? एवढी कापाकापी करण्यापेक्षा आधीच तोंड आवरलं असतं तर?" ज्यानं वर्षानुवर्षं डाएट करून वजन उतरवलं आणि दर वेळी ते पुन्हा चढताना पाहिलं, त्याला हे ऐकवायचं, तेही टाके ओले असताना!

आता शास्त्र. उपासाचा वाटा आहेच: खाणं एकदम तुटलं की यकृतातली चरबी झपाट्यानं घटते आणि यकृत इन्सुलिनला दाद देऊ लागतं. पण खाणं सुरू झाल्यावरही शुगर ताब्यात राहते, त्याचं काय? बायपासमध्ये अन्न जठराचा बराचसा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून लवकर पुढे जातं. लहान आतड्याच्या शेवटाकडच्या भागातल्या एल-पेशी (हार्मोन्स सोडणाऱ्या पेशी) मग जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स पूर्वीच्या कितीतरी पट सोडतात. पहिलं स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, दोन्ही भूक दाबतात. नुसत्या डाएटनं वजन उतरलं तर उलटंच, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. म्हणजे शरीर ओरडून अन्न मागत असतं आणि नातेवाईक संयमाचे धडे देत असतात. आमचे दीर हल्ली सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतात. तीही जीएलपी-१चीच नक्कल. पण ते म्हणे 'उपचार', आणि भावाचा तो 'शॉर्टकट'!

कायमचा जातो का? तशी हमी कुणी दिली तर उठून बाहेर पडा. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड चाचणीत 5 वर्षांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 6 टक्के किंवा त्याखाली असलेले बायपासवाले 29 टक्के, स्लीव्हवाले (ज्यांचं जठर कापून नळीएवढं केलं ते) 23, नुसत्या औषधांवरचे 5. मधुमेह जुना असेल, इन्सुलिन बरीच वर्षं चालू असेल, तर स्वादुपिंडात फारसं उरलेलं नसतं. सर्जनकडे जाण्याआधी सी-पेप्टाइड तपासून घ्या, स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतं ते त्यावरून कळतं. गोळ्या-इन्सुलिन मनानं बंद करू नका. आणि हो, बी-१२, लोह, कॅल्शियम हे मात्र जन्मभराचं, त्यात चालढकल चालत नाही.