आजीची मेणबत्ती आणि मुलीची सेमिनरी

श्रीरामपूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय मराठी. तिला सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या विद्यालयात जायचंय. घर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचं, पण आजी दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियेच्या कॅथलिक यात्रेला जाते. तिथून आणलेली मेणबत्ती पिठाच्या डब्यावर असते आणि घरात कुणाला ताप आला की ती पेटते. वडील विचारतात, ‘शिकून आल्यावर पोर आजीला अडाणी ठरवेल का? आणि पाळकाच्या पगारात तिचं भागेल कसं?’

भाऊ, तुमची पहिली भीती खरी आहे. पहिल्या सुटीला घरी येऊन आजीच्या प्रार्थनेतल्या चुका काढणारी मुलं मी पाहिलीत. बहुतेकांचं हे पुढे ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, त्यांच्याकडे दुखलं-खुपलं सांगायला कुणी जात नाही.

पण उलटही घडतं. कोसुके कोयामा हे जपानी धर्मशिक्षक १९६०च्या दशकात उत्तर थायलंडमध्ये शिकवत होते. चर्चला जाताना भातखाचरांत म्हशी दिसायच्या. आपलं प्रवचन ऐकणारे लोक दिवसभर याच म्हशींबरोबर राबतात, हे ओळखून ते बोलण्याची सुरुवातच म्हशींपासून, पावसापासून करू लागले. आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्याच जिल्ह्यातलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरच्या सेमिनरीत शिकवलं, आणि ख्रिस्त गायला तो अभंगांतून. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते सांगत. मराठी शिकणाऱ्या मुलीला याहून मोठा वारसा कुठला? आजी ती मेणबत्ती का लावते, हा प्रश्न तिने खरंच धरून ठेवला, तर तिचं ईशज्ञानाचं, म्हणजे देवाविषयीच्या विचाराचं शिक्षण घरातच सुरू झालं म्हणायचं.

आता पोटापाण्याचं. बीए पूर्ण करू द्या, त्यात तडजोड नको. चर्चबाहेरच्या नोकरीत ईशज्ञानाची पदवी बीएसारखी धरतीलच असं नाही. बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटचा (ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचा) बीडी, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, हा अभ्यासक्रम पदवीधरांना चार वर्षांचा असतो. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ साली यवतमाळहून आलेली. तिथलं शिकवणं इंग्रजीतून, तेव्हा वाचनाची सवय आत्तापासून लावा. कुठेही अर्ज करण्याआधी पदवी कोणाची मिळणार ते लेखी विचारा. पाळकांचं शिफारसपत्र बहुतेक ठिकाणी लागतंच. तुमच्या चर्चची मंडळी खर्चाचा वाटा उचलेल का, हेही त्याच भेटीत बोलून घ्या. तुमच्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, पण नेमणूक मिळायला वाट पाहावी लागू शकते. पगार बेताचाच असेल, हे तिला स्पष्ट सांगा. शाळा, वसतिगृहं, रुग्णालयातली सेवा, बायबल भाषांतर अशीही कामं असतात, पण त्या जागा थोड्या.

मुलीवर आत्ताच निर्णय लादू नका, ‘हो’चाही नाही. या सप्टेंबरला तिला आजीबरोबर हरेगावला पाठवा. आजीची गाणी तिने आजीच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत. परत आल्यावर दोघींना एकत्र बसवा आणि मला पुन्हा लिहा.