गोल्फमधली ‘द ओपन’ ही स्पर्धा कशी सुरू झाली, आणि विजेत्याला चषकाऐवजी सुरई का देतात?

आपल्याकडे जिला ब्रिटिश ओपन म्हणतात तीच ही ‘द ओपन’. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक सांगतो. माझे बाबा पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर बावीस वर्षं कॅडी होते. दुसऱ्याची बॅग खांद्यावर वाहायची, चेंडू कुठे पडला ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आला की ओल्या फडक्याने पुसून हातात द्यायचा, आणि विचारलं तरच सांगायचं की उतार कुठे वळतोय. म्हणून या स्पर्धेचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला ट्रॉफीच्या आधी ती खेळणारी माणसं दिसली. ही स्पर्धा भरवली उमरावांनी, पण खेळले ते कॅडीच.

सुरुवात होते अॅलन रॉबर्टसन या माणसापासून. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये त्याचं चेंडू बनवायचं दुकान होतं. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची छोटी गोल पिशवी, तिच्यात टोपीभर उकडलेली पिसं ठासून ठासून भरायची. पिसं वाळताना फुगायची, चामडं आकसायचं, आणि चेंडू दगडासारखा घट्ट व्हायचा. काम किचकट, त्यामुळे चेंडू महाग. मग गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि रॉबर्टसनला आपला धंदा बुडताना दिसू लागला. त्याच्या हाताखाली शिकलेला टॉम मॉरिस एकदा तोच नवा चेंडू खेळताना दिसला. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि टॉमने दुकान सोडलं. 1851 मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेला आणि तिथल्या नव्या क्लबसाठी त्याने 12 होलचा कोर्स आखला. (होल म्हणजे चेंडू पाडायचा खड्डा आणि तिथपर्यंतचं मैदान; सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकतो.)

रॉबर्टसन त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर 80 फटक्यांच्या आत फेरी पूर्ण करणारा पहिला माणूस तोच. 1859 मध्ये तो वारला, आणि त्याची जागा आता कोणाची हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवायचं प्रेस्टविकच्या सभासदांनी मनावर घेतलं. पुढाकार अर्ल ऑफ एग्लिंटन आणि कर्नल फेअर्ली यांचा. त्यांनी दुसऱ्या क्लबांना पत्रं धाडली की तुमच्याकडचा एखादा ‘सभ्य कॅडी’ पाठवा. हे दोन शब्द मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

17 ऑक्टोबर 1860 रोजी आठ जण जमले. एकाच दिवसात त्या 12 होलच्या तीन फेऱ्या, म्हणजे 36 होल. जोड्यांबरोबर फटके मोजायला वेगळी माणसं दिलेली. कोर्स टॉमनेच आखलेला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं तोच जिंकणार. पण मसलबरोचा विली पार्क 174 फटक्यांत जिंकला, टॉमला 176 लागले. पैशाचं बक्षीस नव्हतंच. लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीची बक्कल असलेला एक रुंद पट्टा होता, तोही वर्षभरासाठीच. पुढच्या वर्षी स्पर्धा साऱ्या जगाला खुली असल्याचं जाहीर झालं, हौशी खेळाडूही उतरले, आणि ‘ओपन’ हे नाव तिथून आलं. ती टॉमने जिंकली. पैसे आले 1863 मध्ये, एकूण 10 पौंड, पण ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला वाटले. पहिल्याला फक्त पट्टा! विजेत्याच्या हातात पहिल्यांदा रोख पडली 1864 मध्ये, 6 पौंड.

आता सुरईकडे येतो. पट्ट्याचा एक नियम होता: सलग तीन वर्षं जिंकेल त्याचा तो कायमचा. असं कोणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या बहुधा मनातही आलं नसेल. टॉमचा मुलगा, त्याचंही नाव टॉम, त्याने ते केलं. 1867 मध्ये वडील 46 व्या वर्षी जिंकले होते. इतक्या वयात ही स्पर्धा आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही. पुढच्याच वर्षी मुलगा 17 व्या वर्षी जिंकला आणि दुसरा आला तो बाप. सर्वांत लहान विजेता हा त्याचा विक्रमही अजून तसाच आहे. बापलेकांचे हे दोन विक्रम लागोपाठच्या दोन वर्षांतले आहेत, आणि माझ्या मते या खेळाच्या नोंदींत याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही.

1870 मध्ये, सलग तिसऱ्यांदा जिंकताना, धाकट्या टॉमने कहर केला. प्रेस्टविकचा पहिला होल 578 यार्डांचा. हातात हिकरीच्या लाकडी दांड्याचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, चिकाचा चेंडू, आणि पोराने तो होल तीन फटक्यांत संपवला. आजच्या क्लबांनीही हे जमलं तर लोक वर्षभर बोलतील. एकूण 149 फटके, दुसऱ्यापेक्षा 12 कमी. पट्टा घरी गेला आणि आयोजकांकडे द्यायला काही उरलंच नाही. 1871 मध्ये स्पर्धा झालीच नाही. शेवटी प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि एडिनबरा अशा तीन क्लबांनी दहा-दहा पौंड काढून 30 पौंडांची चांदीची सुरई करून घेतली. क्लॅरेट नावाची लाल वाइन तेव्हा अशाच भांड्यातून वाढत, म्हणून तिला ‘क्लॅरेट जग’ म्हणतात. 1872 ची स्पर्धा पुन्हा धाकट्या टॉमने जिंकली, पण सुरई तयार नव्हती. तिच्यावर कोरलेलं पहिलं नाव त्याचं आहे. हातात पहिल्यांदा मिळाली ती मात्र पुढच्या वर्षी टॉम किडला.

पुढचं लिहिताना हात जड होतो. सप्टेंबर 1875 मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंशी खेळत होते, आणि तार आली: धाकट्या टॉमची बायको बाळंतपणात अडली आहे, लगेच निघा. एका गृहस्थाच्या बोटीतून खाडी ओलांडून दोघं घरी पोचले, पण तोवर ती आणि बाळ दोघंही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी धाकटा टॉमही गेला, 24 वर्षांचा. बाप मात्र 1908 पर्यंत जगला.

नंतरचा प्रवास थोडक्यात. 1892 पासून 72 होल. 1894 मध्ये स्पर्धा पहिल्यांदा इंग्लंडमध्ये गेली. हॅरी व्हार्डन सहा वेळा जिंकला, आणि हाही विक्रम कोणी मोडलेला नाही. प्रेस्टविकला गर्दी आवरेना, म्हणून 1925 नंतर तिथे ओपन झाली नाही. 1927 नंतर मूळ सुरई सेंट अँड्र्यूजमध्येच ठेवतात, विजेता नेतो ती प्रतिकृती.

खेळाडूंचा मान मात्र फार हळू बदलला. 1920 मध्ये इंग्लंडमधल्या डीलला ओपन होती, तेव्हाही व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला, त्याने भाड्याची आलिशान मोटार थेट क्लबहाउससमोर लावली आणि तिच्यातच कपडे बदलले. दोन वर्षांनी त्याने ओपन जिंकलीही.

आपल्याशी धागा जुळतो तो ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनमुळे. पाच वेळा द ओपन जिंकणाऱ्या या माणसानेच 1964 ची पहिली इंडियन ओपन जिंकली. 1991 मध्ये ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर. दिल्लीतले कॅडी.

2025 मध्ये द ओपनच्या विजेत्याला 31 लाख डॉलर मिळाले. जुलैत ती टीव्हीवर लागते आणि बाबा बसून बघतात. शेवटच्या ग्रीनवर चेंडू होलात पडतो, लोक ओरडतात, कॅमेरा खेळाडूवर जातो. बाबा पडद्याच्या कोपऱ्यात बघत असतात, झेंड्याची काठी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे, आणि म्हणतात, “रेष यानं बरोब्बर सांगितली होती.”