जुन्या डॉस पीसीवर ज्वाळा आणि वाहतं पाणी कसं दाखवायचे?

तुम्ही विचारलंय की सी भाषा नुकतीच शिकायला घेतलीय, आणि २८६-३८६ प्रोसेसरच्या जुन्या मशीनवर ज्वाळा, वाहतं पाणी कसं दाखवायचे ते कळेल का. नक्की कळेल. फक्त थ्रीडीच्या मागे आत्ताच लागू नका, पॅलेट, म्हणजे रंगांचा तक्ता, आधी हातात घ्या.

आयबीएमचं व्हीजीए, म्हणजे पीसीवर चित्र दाखवणारं हार्डवेअर, १९८७ मध्ये आलं. त्याच्या १३एच मोडमध्ये ३२० बाय २०० पिक्सेल, प्रत्येकाला एक बाइट. हे ६४,००० बाइट मेमरीत ए००० सेगमेंटला (हा आणि पुढचे पोर्टचे आकडे हेक्समध्ये) ओळीने मांडलेले असतात. पण त्या बाइटमध्ये रंग नसतो, रंगाचा नंबर असतो! कुठला नंबर कसा दिसणार ते पॅलेट ठरवतं. पोर्ट (हार्डवेअरशी बोलायचा पत्ता) ३सी८ वर नंबर टाका, मग ३सी९ वर लाल, हिरवा, निळा असे ० ते ६३ मधले तीन आकडे. त्या नंबरचे सगळे पिक्सेल एकदम बदलतात, चित्राला हात लावावा लागत नाही. ६४,००० च्या जागी ७६८ बाइटांत (२५६ रंग, प्रत्येकी तीन आकडे) अख्खा स्क्रीन हलतो. धबधब्याच्या निळ्या छटा दर फ्रेमला एकेक नंबर पुढे सरकवल्या की पाणी वाहायला लागतं. मला आजही यापेक्षा सुंदर युक्ती माहीत नाही.

पॅलेट बदलण्याआधी पोर्ट ३डीए चा बिट ३ (शून्यापासून मोजून, म्हणजे ८ किमतीचा) बघून रिट्रेसची, म्हणजे मॉनिटरचा किरण खालून परत वर जातो त्या क्षणाची, वाट पाहा, नाहीतर स्क्रीनवर ठिपके चमकतात.

मग ज्वाळा करा. पॅलेट काळ्यापासून लाल, पिवळा, पांढरा असं भरा. सगळ्यात खालच्या ओळीत रँडम आकडे टाका. वरच्या प्रत्येक पिक्सेलला खालच्या शेजाऱ्यांची सरासरी द्या, त्यातून थोडं वजा करा. एवढंच. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये लूपचा काउंटर अनसाइन्ड (उणे आकडे नसलेला) ठेवा. तिथला साधा इंट १६ बिटांचा, तो ३२,७६७ नंतर उणे होतो आणि ६४,००० चा लूप संपतच नाही.

साइनच्या किमती आधीच मोजून ठेवलेले तक्ते, पिक्सेलची जागा काढताना ३२० च्या गुणाकाराऐवजी २५६ अधिक ६४ चे शिफ्ट (बिट सरकवणं), हे ओघात येईल. ग्राफिक्स प्रोग्रामर मायकेल अब्रॅशने १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेला मोड एक्स, म्हणजे व्हीजीएचा ३२० बाय २४० चा मोड, त्यानंतर.

मी इथे नागपुरात, सीताबर्डीला शिकवतो, तिथली पोरं हे सगळं डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या मशीनवर डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, करतात. कंट्रोल-एफ११ दाबून सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) मुद्दाम कमी करा. ढिसाळ लिहिलेला लूप लगेच उघडा पडतो.