एका मरीनला किती गार्ड्समन भारी?

प्रश्न : आर्वी तालुक्यातील आमच्या गावात आम्ही मित्र पुठ्ठ्याचे सैनिक कापून ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ २०१७ च्या आठव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. मित्राच्या मते साध्या पायदळात स्पेस मरीन या चिलखतधारी महायोद्ध्याचाच गोळीबार सर्वांत प्रभावी आहे, तर मला गार्ड्समन हे स्वस्त, सामान्य शिपाई सरस वाटतात. बरोबर कोण?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : मरीन आणि गार्ड्समन या दोघांचीच एकास एक तुलना केली तर आपले मित्र बरोबर आहेत. बोल्टगन ही बंदूक घेतलेल्या मरीनचा नेम फाशावर ३ किंवा अधिक पडल्यास लागतो, लासगन ही बंदूक घेतलेल्या गार्ड्समनला ४ किंवा अधिक लागतात. शिवाय बोल्टगनची ताकद ४, तर लासगनची ३ आहे. नेम लागणे, जखम होणे आणि चिलखताने न वाचवणे या तिन्ही पायऱ्यांच्या शक्यतांचा गुणाकार केल्यास, समोर मरीन असताना मरीनची एक गोळी ९ पैकी १ वेळा बळी घेते आणि गार्ड्समनची १८ पैकी १ वेळा. समोर गार्ड्समन असेल, तर हेच प्रमाण अनुक्रमे २७ पैकी ८ आणि ६ पैकी १ असे होते.

परंतु बियाण्याची पारख जशी एकरी झडतीवरून होते, तशी सैनिकाची पारख त्याच्यावर खर्च झालेल्या गुणांवरून, म्हणजे खेळातील त्याच्या किमतीवरून व्हायला हवी. त्या वेळी मरीन १३ गुणांना आणि गार्ड्समन ४ गुणांना मिळत असे, म्हणजे ५२० गुणांत ४० मरीन किंवा १३० गार्ड्समन उभे राहतात. प्रत्येकाने एकेक गोळी झाडल्यास ४० मरीन सरासरी ४.४ मरीन मारतात, तर १३० गार्ड्समन ७.२. दोन्ही बंदुकांचा पल्ला २४ इंचच आहे आणि निम्म्या पल्ल्याच्या आत दोघांच्याही गोळ्या दुप्पट होतात, त्यामुळे अंतराने हे गुणोत्तर बदलत नाही. आडोशानेही बदलत नाही, कारण चिलखत भेदण्याची वेगळी क्षमता दोघांकडेही नाही.

इथवर आपली बाजू वरचढ ठरते. मात्र या हिशेबात सर्व १३० जणांना लक्ष्य दिसते आणि ते पल्ल्यातही आहे, असे गृहीत धरले आहे. लहान टेबलावर, विशेषतः इमारती दाटीने मांडल्या असतील तर, ते क्वचितच घडते. मरीनवर मारा करताना १३० पैकी ८० जणांनाच गोळी झाडता आली, तर दोन्ही सैन्ये अगदी बरोबरीत येतात आणि त्याहून कमी जणांना आली, तर मित्राचे ४० मरीन पुढे जातात, कारण अवघ्या ४० जणांना गोळीबारासाठी जागा शोधणे सोपे असते. माझ्या मते आपल्या दोघांच्या वादाचा खरा निकाल या ८० च्या आकड्यात आहे. जवळ अधिकारी ठेवून आज्ञा दिल्यास लासगनच्या गोळ्या दुप्पट होतात हे खरे, पण मग त्या अधिकाऱ्याचे गुणही आपल्याच खर्चात धरावे लागतील.

हे आकडे २०१७ च्या नियमांपुरतेच आहेत. २०२० मध्ये साध्या मरीनला दोन जखमा सोसण्याची क्षमता मिळाली, तेव्हा नवे नियम घेतल्यास आकडेमोड पुन्हा करावी. तोवर टेबलाच्या मधोमध उंच इमारत ठेवण्याचा मित्राचा आग्रह असेल, तर आपण तो मान्य करू नये.