फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न मोठेपणी वाचण्यासारखा आहे, की तो लहान मुलांचाच लेखक?

'मुलांचा लेखक' म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा व्हर्न वाचलेलाच नसतो, त्याचा अनुवादक वाचलेला असतो. माझ्या मामेभावासारखा, म्हणजे दादासारखा.

दहावीच्या सुट्टीत पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मी व्हर्नच्या नॉटिलस पाणबुडीच्या कादंबरीची, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'ची, इंग्रजी प्रत आणली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचून डोकं आधीच फिरलेलं होतं. दादा तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. जेवणं झाल्यावर त्याने पुस्तक चाळायला घेतलं आणि नेमका सापडला तो कॅप्टन नेमो पाणबुडीचं बांधकाम समजावतो तो भाग. पोलादाची घनता म्हणे पाण्याच्या सात ते आठ दशांश! म्हणजे पोलाद लाकडासारखं तरंगणार. दादाने ते घरभर वाचून दाखवलं. आजोबासुद्धा हसले. पुढची वीसेक वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत, "काय रे, लोखंड तरंगतंय का?" हे ठरलेलं.

मग मी फ्रेंच शिकलो. खोटं कशाला बोलू, निम्मं त्या एका वाक्यासाठी. मूळ पुस्तकात अक्षरी लिहिलंय: 'सात, आठ दशांश'. फ्रेंच लोक दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. म्हणजे ७.८. पोलादाची घनता तेवढीच असते!

घोळ केला लुईस मर्सियर या इंग्रज पाद्र्याने. त्याचा अनुवाद १८७० च्या दशकातला. कादंबरीचा पाचवा हिस्सा तरी त्याने गाळला, त्यात विज्ञान आणि राजकारण आधी गेलं. अमेरिकेतल्या बॅडलँड्स या ओसाड मुलखाचा त्याने 'नेब्रास्काचा नकोसा प्रदेश' करून टाकला. स्वामित्वहक्क कधीच संपलेले, त्यामुळे स्वस्तातल्या आवृत्त्यांत अजून हाच माल खपतो.

नेमोचं तर आपल्याला जास्तच लागायला हवं. व्हर्नला तो रशियावर सूड उगवणारा पोलिश माणूस करायचा होता. रशियातला खप बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेल अडून बसला. पुढे 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये (१८७५) तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ साली इंग्रजांशी लढलेला. इंग्रजी आवृत्तीत त्याच्या तोंडची इंग्रजांविरुद्धची भाषा बदलून पार मवाळ केली. हे मुलांचं साहित्य?

तर हो, वाचा. आधी नॉटिलस, मग 'मिस्टिरियस आयलंड', याच क्रमाने, नाहीतर नेमोचं गुपित आधीच फुटेल. इंग्रजीत घेणार असाल तर अनुवादकाचं नाव बघा. नावच छापलेलं नसेल तर ठेवून द्या. आणि नावातले वीस हजार लीग (लीग हे अंतराचं जुनं माप) ही खोली नव्हे, पाण्याखालून कापलेलं अंतर आहे. हा वादही मी घरी घातलाय.

कबूल करतो, माशांच्या याद्या मलाही कंटाळा आणतात. बाईमाणूस तर शोधून सापडत नाही. तेवढं सोसावं लागेल.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुंजीत मी ते फ्रेंच पान दादासमोर धरलं. चष्मा न काढता म्हणाला, "असेल, असेल. तू जिलबी घेतलीस का?"

दादा, वाचत असशील तर: सात पूर्णांक आठ.