दुसरा भाग कपाटात ठेवा

वाचकांचे प्रश्न : मुलं आणि वाचन

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, सेमी-इंग्रजीला. आम्ही दोघंही लहानपणी ‘फास्टर फेणे’वर पोसलेलो, म्हणून त्याच्या वाढदिवसाला वीस पुस्तकांचा अख्खा संच आणला. पहिल्याच पुस्तकाची दहा-बारा पानं झाली आणि गाडी अडली. आता संच शोकेसमध्ये आहे. आमचं काय चुकलं? (एक आई, नाशिक)

उत्तर : संच आणलात ते ठीकच, पण तो सगळा एकदम पुढ्यात ठेवलात. नऊ वर्षांच्या मुलाला वीस पुस्तकांची रांग दिसली की ते मोजायला लागतं, आणि मोजायला लागलं की तो अभ्यास झाला. एकोणीस पुस्तकं आजच कपाटात टाका, नजरेआड.

कुठल्याही गोष्टीची पहिली पंधरा-वीस पानं सर्वांत जड जातात. कोण कुणाचा कोण, गाव कुठलं, लेखक सरळ सांगतोय की चेष्टेत, हे सगळं डोक्यात भरायचं असतं आणि मजा अजून सुरू व्हायची असते. मुलं गळतात ती इथेच. मालिकेत हा भार एकदाच उचलावा लागतो. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर सुसाट सुटतो, तोंडाने ‘टॉक्’ करतो, एवढं एकदा पक्कं झालं की पुढच्या पुस्तकात मूल पहिल्या पानापासून घरच्यासारखं वावरतं. भा. रा. भागवतांची वाक्याची चालही तोवर कानात बसलेली असते. तेच शब्द नव्या प्रसंगात पुन्हा भेटतात आणि अर्थ न विचारता उमगतो. स्टीफन क्रॅशन हे भाषाभ्यासक याला ‘नॅरो रीडिंग’ म्हणतात : एकाच लेखकाचं किंवा एकाच विषयाचं बरंच वाचलं की भाषा लवकर अंगवळणी पडते.

म्हणजे तुमचं काम एवढंच, की पहिली वीस पानं त्याला पार करून द्यायची. ती तुम्ही मोठ्याने वाचा. रोज पंधरा मिनिटं, तीन-चार दिवस. त्याला समोर बसवू नका, शेजारी बसवा, म्हणजे पान दोघांना दिसतं आणि डोळा आपोआप ओळीवरून फिरतो. बोट फिरवायला सांगू नका, ते शाळेत होतं. संवादांना थोडा आवाज बदला. नाटकी नको, पण कोण बोलतंय ते कळावं. प्रकरण संपेपर्यंत वाचत बसलात तर मूल समाधानाने झोपी जातं आणि उद्याची ओढ राहत नाही. त्यापेक्षा दार करकरलं, पाठीमागे पाऊल वाजलं, अशा जागी थांबा, खूण घाला आणि ‘कुकर लावून आले’ म्हणून उठा. परत यायची घाई करू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी काही घडणार नाही. तिसऱ्या दिवशी बहुधा ते पुस्तक त्याच्या हातात दिसेल. तेव्हा कौतुक करू नका. खरंच करू नका. कौतुक झालं की ते काम होतं.

जुने शब्द अडतील. ट्रंककॉल, तार, टांगा. वाचता वाचता एका शब्दात सांगून पुढे जा : ‘ट्रंककॉल, म्हणजे लांबच्या गावचा फोन.’ शब्दकोश काढलात की गोष्ट मेली. पुस्तक मुळातच जड आहे का हे पाहायचं असेल तर मधलं एखादं पान त्याला वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली तर हे पुस्तक सध्या एकट्याने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं.

क्रम पाळायची गरज नाही. प्रत्येक साहस स्वतंत्र आहे, मुखपृष्ठ बघून त्यालाच निवडू द्या. पहिल्या पुस्तकाची पंचवीसेक पानं उरली की कपाटातून दुसरं काढून त्याच्या उशाशी ठेवा. पहिलं संपल्यावर नव्हे, आधी. दोन पुस्तकांच्या मध्ये चार दिवस रिकामे गेले की त्या जागी मोबाइल येऊन बसतो.

आणि ‘काय बोध घेतलास?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. विचारायचंच असेल तर ‘मग त्याला पकडलं का?’ असं विचारा, म्हणजे तो सांगत सुटेल.

एवढं करूनही दोन पुस्तकांत जीव रमला नाही, तर फेणे सोडा. तुमचं बालपण त्याच्या गळी उतरवायलाच हवं असं नाही. काही मुलांना साहसापेक्षा खोड्या भावतात. त्यांच्यासाठी दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ बरा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. एकाच मालिकेची पुस्तकं आलटून पालटून वाचते, काही तर पाच-सहा वेळा. नवीन काही हातात घेत नाही. हे वाचन म्हणायचं का? (एक बाबा, कोल्हापूर)

उत्तर : म्हणायचं. पहिल्या वाचनात मूल ‘पुढे काय’ एवढंच बघतं. तिसऱ्या वेळी त्याला कळतं की चोराचा सुगावा लेखकाने फार आधीच पेरून ठेवला होता. वर्षभर तरी हात लावू नका.

पुढे न्यायचं तेव्हा एकदम उडी मारायला लावू नका. लेखक तोच ठेवून नायक बदला, नाहीतर जात तीच ठेवून लेखक बदला. फेणे वाचणाऱ्या मुलीला भागवतांचाच पुस्तकवेडा बिपिन बुकलवार द्या, किंवा त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. हेरगिरीची गोडी असेल तर सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आहे. तिथे गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा चुलतभाऊ, वयाने लहान, त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ते चटकन जमतं. ‘आता जरा चांगलं वाच’ हे वाक्य मात्र टाळा. आधीचं वाईट होतं असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलगा आठ वर्षांचा. इंग्रजी मालिका फडशा पाडल्यासारखा वाचतो. घरी मराठी बोलतो, देवनागरी अक्षरंही येतात, पण मराठी पुस्तक वाचताना रडकुंडीला येतो. (एक आई)

उत्तर : गोची दोन ठिकाणी असते. एक, जोडाक्षरं. सुटी अक्षरं येणारं मूल ‘स्वयंपाक’, ‘पुन्हा’, ‘उद्या’, ‘माझ्या’ इथे थबकतं. ओळीत तीनदा थबकलं की सुरुवात काय होती तेच विसरतं. दुसरं म्हणजे पुस्तकी मराठी. घरी तो ‘केलं’, ‘गेलं’ ऐकतो आणि पुस्तकात ‘केले’, ‘गेले’ दिसतं. त्याला वाटतं, ही भाषा वेगळीच आहे.

म्हणून इंग्रजीत वाचतो त्या वयाचं पुस्तक मराठीत देऊ नका. जाड्या भाषांतरित कादंबऱ्या तर अजिबात नकोत. दोन पायऱ्या खाली या : माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा चित्रपुस्तकांचा संच. छोटी वाक्यं, घरातली माणसं, कानावरची भाषा. आठ वर्षांच्या मुलाला ‘हे बाळांचं आहे’ वाटेल, तर धाकट्या भावंडाला किंवा व्हिडिओ कॉलवर आजीला वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार निवडता येतात, फुकट उतरवून छापताही येतात. छापाच, पडद्यावर लहान टाइपातला रफार दिसत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, पण ते पुढच्या टप्प्याला.

एक सावधगिरी. भारतातून कुणी आजोबांच्या कपाटातल्या प्रती पाठवल्या तर छपाईचं साल बघा. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. अडखळणाऱ्या मुलाला ते आणखी पाडतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वाचनालयात मालिकांची पुस्तकं सर्वाधिक फिरतात आणि सर्वांत आधी फाटतात. काय करावं? (ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : फाटतात ही तक्रार आहे की शाबासकी? असो. ही पुस्तकं बहुधा शिवलेली नसतात, कण्यावर नुसती डिंकाने चिकटवलेली असतात. नवं पुस्तक मधोमध फाडकन उघडलं की तो डिंक तडकतो आणि पानं सुटतात. म्हणून पुस्तक वाचनालयात आलं की देण्यापूर्वी ‘मोडून’ घ्या : कणा टेबलावर टेकवायचा, पुढून आठ-दहा पानं उघडून बोटाने हलकेच दाबायची, मग मागून तेवढीच, असं करत मध्यावर यायचं. पुस्तक पालथं ठेवायचं नाही, हेही मुलांना सांगा.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, गोंद पाझरतो आणि शेजारची पानंही चिकटतात. पानाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरच फेव्हिकॉल लावायचा, तोही काडीने, पान कण्यापर्यंत आत सरकवायचं, दोन्ही बाजूंना मेणकागद घालून वर जाड शब्दकोश ठेवायचा. रात्रभर. फाटलेल्या ओळीवर मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पांढरी पट्टी. खालची अक्षरं वाचता येतात. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, तेव्हा हे काम मुलांकडून करून घ्यायचं नाही आणि नंतर हात धुवायचे.

देवघेवीत एका मुलाला एका वेळी एकच भाग द्या, पण पुढचा भाग कोणाकडे आहे हे वहीत सगळ्यांना दिसू द्या. मग मुलं एकमेकांच्या मागे लागून पुस्तकं परत आणवतात, तुम्हाला ओरडावं लागत नाही.